आखाताच्या दारातली हिरवी झेंडी

मित्रांनो, जरा जपून उलगडा. मी एक जुना नकाशा आहे आणि माझी मधली घडी आता नुसतं बोट लागलं तरी फाटते. गेली अडीच-तीन वर्षं मी भिलाईजवळच्या चरोद्याच्या ह्या रेल्वे क्वार्टरात पलंगाखाली, तांदळाच्या डब्यामागे गुंडाळून पडलो होतो. आज तुम्ही कॉलनीतल्या पोरापोरींनी मला ओढून काढलंत ते कशासाठी, हे मला ठाऊक आहे. रेडिओवर पुन्हा आखातातल्या लढाईच्या बातम्या चालू झाल्या आहेत आणि तुम्हाला कुवेत शोधायचं आहे. मला पाहिल्याबरोबर तुमच्यातली एक म्हणालीच, "अरे, ये तो बहुत पुराना है, इसमें क्या मिलेगा." मिळेल बाई, सगळं मिळेल. कुवेत वरच्या बाजूला आहे, शाईच्या डागाच्या शेजारी. पण तिथे बोट ठेवण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. नंतर सांगायला मी धड राहीन असं मला वाटत नाही.

माझा जन्म १९७१ साली नागपूरच्या एका छापखान्यात झाला. एकेका रंगासाठी एकेकदा, असा मी यंत्रातून पाच वेळा गेलो. जमिनीला पिवळा, डोंगरांना तपकिरी, समुद्राला निळा, सीमांना लाल आणि अक्षरांना काळा. मग मला कापडावर चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या. माथ्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव होतं, 'अरबी समुद्र व इराणचे आखात'. माझ्या अंगावर निळा रंग सर्वांत जास्त होता आणि खोटं कशाला बोलू, त्या निळ्याचा मला भारी गर्व होता. कुठे लाट नाही, धूर नाही, डाग नाही. समुद्र असाच असतो अशी माझी त्या वेळी समजूत होती.

तिथून मी भिलाईला आलो. विदर्भातून येऊन स्टील प्लांटात लागलेल्या मराठी बाबू-साहेबांनी मुलांसाठी एक छोटी शाळा काढली होती. भूगोलाच्या सिंधुताईंनी मला वर्गात टांगलं. ताई शिकवायच्या झकास. त्या सांगत, "आखात म्हणजे आठ घरांचं एकच अंगण. इराण, इराक, कुवेत, सौदी अरबस्तान, सगळे एकाच अंगणाच्या कडेला राहतात. आणि ह्या अंगणाला दार एकच, ही होर्मुझची सामुद्रधुनी. ह्या दारातून जगभरचं तेल बाहेर पडतं. आपल्या स्टोव्हमधलं घासलेटसुद्धा. म्हणून ज्यांचं तिथे घर नाही, ते दूरदूरचे बडे देशही दारात आपल्या लढाऊ नौका आणून उभ्या करतात. दार ज्याच्या ताब्यात, त्याला सगळे वचकून असतात."

एकदा मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं, "बाई, आंगन सगळ्यायचं हाय, तर झाडते कोन?" वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. "ते अजून ठरायचं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. त्याच वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी तारीफ केली आणि त्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यावर शाईची दौत उपडी केली. मानही मिळाला आणि डागही.

पुढे मराठी घरांतली पोरं हिंदी शाळांत जाऊ लागली. वर्ग ओसरले, शाळा बंद पडली आणि मी सात वर्षं ताईंच्या कपाटावर धूळ खात पडलो. ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्या नकाशाचा समुद्रही मळतो, हे मी तिथे शिकलो.

१९८५ साली दौलतराव ताईंकडे आले. दौलतराव मालगाडीवर गार्ड होते. चरोद्याच्या यार्डातून निघणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसायचं, प्रत्येक ठिकाणची वेळ वहीत टिपायची, हिरवी-लाल झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांची वही कधी चुकली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. त्यांचा एकुलता एक मुलगा नरहरी आयटीआय करून फिटर झाला होता. प्लांटात नंबर लागेना, म्हणून मुंबईला जाऊन तो एका परदेशी कंपनीच्या तेलवाहू जहाजावर चढला.

"ताई, पोरगं कोनत्या पान्यात हाय हे त्याच्या मायले दाखवाचं हाय," दौलतराव म्हणाले. "तुमचा तो नकाशा पडूनच हाय ना?"

ताईंनी मला पुसून दिलं. देताना सांगितलं, "न्या. पण दौलतराव, तिथे इराण-इराकचं युद्ध चालू आहे. दोघंही एकमेकांची तेलाची जहाजं फोडतात. तिसऱ्याचीही सोडत नाहीत."

"तिसऱ्याले कावून मारतीन?" दौलतराव म्हणाले. "आपलं ना घेनं ना देनं."

अशा रीतीने मी ह्या खोलीत, रेडिओच्या वरच्या भिंतीवर आलो. दौलतरावांच्या पगारात नेटाने संसार करणारी त्यांची बायको वच्छलाबाई रोज सकाळी देवाबरोबर मलाही हळदकुंकू लावायची. मी संकोचून जायचो, पण मला ते आवडायचं.

दौलतरावांनी एक टाचणी घेतली, तिला हिरव्या कागदाची झेंडी चिकटवली, आणि ती टाचणी म्हणजे नरहरीचं जहाज झालं. पत्रं तीन-तीन आठवड्यांनी येत. मग पत्र येईपर्यंत जहाज कुठे असेल? दौलतरावांनी त्यावर उपाय काढला. वच्छलाबाईचा शिवणाचा दोरा घेऊन ते माझ्यावर अंतर मोजत, जहाजाचा ताशी बारा मैलांचा वेग धरत, आणि मालगाडीचं करावं तसं जहाजाचं टाइमटेबल वहीत लिहीत. रोज ड्यूटीवर जाण्याआधी टाचणी पुढे सरकत असे. कॉलनीतली माणसं मुद्दाम बघायला येत. मीही फुगून जायचो. शाळेत माझ्यावर नुसती बोटं फिरत होती. इथे माझ्यावर एक माणूस प्रवास करत होता.

सिंधुताई एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "जहाजं बंदराबाहेर थांबूनही राहतात हो."

"ताई, मालगाडी थांबते कावून, तर मांगून पॅसेंजर येते, तिले लाइन द्या लागते," दौलतराव म्हणाले. "समुद्रात सिग्नल कुठला? अन् होर्मुझात जायची वाट अलग, यायची अलग. म्हंजे डबल लाइन झाली ना? मंग जहाज थांबन कायले?"

वीस वर्षं सिग्नलसमोर ताटकळलेल्या माणसाला सिग्नल नसलेला समुद्र स्वर्गच वाटणार. मला मात्र त्या क्षणी बोलता यायला हवं होतं. कारण मित्रांनो, माझ्या निळ्या रंगावर थांबलेलं जहाज आणि चालतं जहाज एकसारखंच दिसतं.

१९८७ चा ऑगस्ट उजाडला. नरहरीचं पत्र आलं की, जहाज ह्या महिन्याच्या अखेरीला कुवेतला तेल भरायला आत शिरणार आणि मग जपानला जाणार. त्या वर्षी आखातात एकामागून एक जहाजं पेटत होती. पाण्यात सुरुंग सोडले होते. वच्छलाबाईने त्याच दिवशी मीठ सोडलं. "पोरगं त्या दारातून भायेर निंघेपरेंत मी मिठाचा खडा तोंडात घेनार नाही," ती म्हणाली. अळणी वरण, अळणी भाजी. दौलतराव रोज तिच्या ताटाकडे बघत आणि टाचणी एक दोरा पुढे नेत.

वहीप्रमाणे जहाज एकोणतीस ऑगस्टला दारातून आत शिरलं, कुवेतला तेल भरलं आणि पाच सप्टेंबरला दाराबाहेर आलं. त्या संध्याकाळी दौलतरावांनी टाचणी मोकळ्या समुद्रात रोवली आणि ते वळून म्हणाले, "निंघालं तुयं पोरगं. घे आता मीठ." वच्छलाबाईने वरणात मीठ घातलं, पहिला घास घेतला आणि तिला रडू आलं. दोघंही त्या दिवशी पोटभर जेवली.

पुढच्या दिवसांत टाचणी कोलंबो ओलांडून माझ्या कडेपर्यंत गेली. त्यापुढचा समुद्र माझ्यावर छापलेलाच नाही. म्हणून दौलतरावांनी ती माझ्या बाहेर, भिंतीच्या चुन्यात खोचली. "थो तिकडं जपान," ते म्हणाले.

सोळा सप्टेंबरला नरहरीचं पत्र आलं. त्यावर तारीख होती अठ्ठावीस ऑगस्ट. वच्छलाबाई नळावर होती. दौलतरावांनी माझ्यासमोर उभं राहून ते वाचलं आणि वाचताना ते पुटपुटत होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बाबा, आमी दाराच्या बाहेर खोर फक्कानपाशी नांगर टाकून उभे आहो. उद्या-परवा आत जाऊ म्हनतात. आत लय जोखीम आहे. कंपनीनं सगळ्यायले विचारलं की ज्याले आत यायचं नसन त्यानं इथंच उतरा, घरी पाठवून देऊ. कोनी कोनी उतरून राहिले. मी उतरलो तर पुढं नोकरी भेटन का नाही, मालूम नाही. बाबा, मी काय करू? तुमी सांगान तसं करतो. मले तार करा. एजंटाचा पत्ता खाली लिवला आहे. मायले सांगू नका."

दौलतराव खाटेवर बसले. मग त्यांनी आपली वही काढली आणि तारखा ताडून पाहिल्या. उद्या-परवा म्हणजे एकोणतीस किंवा तीस. वहीत एकोणतीसच होती. त्यांच्या चेहऱ्यावर, मित्रांनो, आनंद पसरला. आपलं टाइमटेबल एका दिवसानेही चुकलं नाही, ह्याचा तो आनंद होता. जहाज तर आत जाऊन बाहेर येऊन जपानच्या वाटेला लागलं, आता त्या बंदरावर कुणाला तार करायची? सुटलेल्या गाडीला मागून झेंडी दाखवून काय उपयोग? त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं. वच्छलाबाई आल्यावर त्यांनी ते तिला वाचून दाखवलं, पण मधला भाग गाळला.

मी भिंतीवर टांगलेला होतो. माझ्यावर होर्मुझ होतं, खोर फक्कान नखाएवढ्या अक्षरांत होतं, आणि तिथे जहाज अजून नांगर टाकून उभं होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. नकाशाला कालचंही कळत नाही आणि आजचंही. मला फक्त छापलं तेव्हाचं कळतं. त्या दिवशी मी जागच्या जागी टराटरा फाटून खाली पडलो असतो, तरी निदान कुणाला वाईट शकुन वाटून तार गेली असती.

बावीस सप्टेंबरला रेडिओने सांगितलं की, होर्मुझच्या सामुद्रधुनीत एका तेलवाहू जहाजावर हल्ला झाला आणि ते जळत आहे. वच्छलाबाईने हातातलं काम टाकलं. दौलतराव शांतपणे भिंतीवरच्या टाचणीवर बोट ठेवून म्हणाले, "आपलं नाही ते. आपलं तर हे पाहाय, इकडं हाय."

पंचवीस तारखेला कंपनीची तार आली. जहाज आगीत सापडलं होतं, नरहरी बेपत्ता होता, शोध चालू होता.

त्यानंतरचे दिवस मला आठवू नयेत असं वाटतं, पण नकाशा विसरत नाही. दौलतरावांनी तार हातात धरून ती टाचणीशी ताडून पाहिली. पुन्हा पाहिली. "हे कसं होऊन राहिलं?" ते मला विचारत होते, मलाच. "ते तर भायेर निंघालं होतं." वच्छलाबाईने मिठाचं भांडं उचलून मोरीत ओतलं. "मी खाल्लं," ती म्हणाली. "माया पोरगा दारातच होता अन् मी मीठ खाल्लं."

मग पत्रं सुरू झाली. कंपनीला, मुंबईच्या कचेरीला, दिल्लीला. उत्तरात दर वेळी तेच एक वाक्य येई की, शोध चालू आहे. त्या पाण्यावर आठ देशांचे पहारे होते आणि बड्या देशांच्या बोटी होत्या. प्रत्येकाची दुर्बीण दुसऱ्याकडे लागलेली होती आणि चरोद्याचा एक फिटर कुणालाच सापडत नव्हता. दौलतराव ड्यूटीवर जात, येत, आणि वर्दी न उतरवता माझ्यासमोर बसून राहत. त्यांनी त्या दिवसांत वहीत एकही वेळ लिहिली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एक हिंदी पत्र आलं. दौलतराव घरीच होते, पण ते पाकिटाला हात लावेनात, म्हणून वच्छलाबाईने सिंधुताईंना बोलावलं. पत्र ओमप्रकाश नावाच्या खलाशाचं होतं. तो त्याच जहाजावर होता आणि खोर फक्कानला उतरून घरी परतला होता. ताई एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या.

"तो लिहितो, आमचं जहाज बाहेर चोवीस दिवस उभं होतं. मालकांचं आत जायचं ठरत नव्हतं. एकवीस सप्टेंबरला हुकूम आला, असं मागून कळलं. मी आदल्या दिवशी उतरलो. मी नरहरीला म्हटलं, चल. तो म्हणाला, बाबांची तार येऊ दे. एजंटाची लाँच रोज यायची, आणि रोज नरहरी शिडीपाशी जाऊन विचारायचा की माझी तार आहे का. माझ्यासमोर शेवटच्या दिवशीही त्याने..." ताईंनी पत्र खाली ठेवलं.

"कायची तार?" वच्छलाबाईने विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "नरहरीचे बाबा, कायची तार?"

दौलतरावांनी वर्दीच्या खिशातून ते घडी केलेलं पत्र काढलं. दोन महिने ते तिथेच होतं. आणि त्यांनी गाळलेला भाग वाचून दाखवला, अगदी 'मायले सांगू नका'पर्यंत. मग ते म्हणाले, "मले वाटलं, गाडी सुटून गेली. सोळा तारखेले तार केली असती तर त्याले अठराले भेटली असती."

वच्छलाबाई उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला ओरबाडून काढेल. मला ते हवंच होतं. पण ती म्हणाली, "आता करा."

"काय?"

"तार. पत्ता हाय ना खाली? करा."

"वच्छले, आता कोनाले करू?"

"नरहरीले. त्यानं बापाले विचारलं. पोरगं विचारते अन् बाप उत्तर देत नाही, असं आपल्या घरात नाही."

दौलतराव खाली मान घालून म्हणाले, "खरं सांगू का? तवा तार केली असती, तरी उतर म्हनलो असतो का नाही, ते मले मालूम नाही. गार्ड गाडी सोडत नाही, असंच मी त्याले शिकवलं."

"आता तं मालूम हाय ना?" ती म्हणाली. "मंग तेच लिवा."

दौलतराव सायकल काढून तारघरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पावती होती. वच्छलाबाई दारातच उभी होती.

"केली?"

"केली."

"काय लिवलं?"

"उतरून ये. बाबा."

मित्रांनो, त्या तारेचं उत्तर आलेलं नाही. पुढच्या वर्षी ते युद्ध थांबलं, दौलतरावांनी मला भिंतीवरून काढलं आणि गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. बेपत्ता हा शब्द कंपनीच्या कागदावर अजून तसाच आहे. वच्छलाबाई अजून अळणी जेवते. आणि आज रेडिओ सांगतो की, त्याच दारात पुन्हा देशोदेशीच्या नौका जमल्या आहेत. पुन्हा कुणाची तरी पोरं तिथे नांगर टाकून उभी असतील.

कुवेत शोधा, होर्मुझ शोधा, परीक्षेत मार्क मिळवा. माझा कागद फाटला तर मागून कापडाची पट्टी चिकटवा, मी तेवढ्यावर खूश राहीन. मोठे झालात आणि तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी काही सत्ता आली, तर जे पाणी सगळ्यांचं आहे त्याची निगा सगळ्यांनी राखायची असते, हे आठवा. पण माझ्या निळ्या रंगावर बोट ठेवून 'आपलं माणूस सुखरूप आहे' असं कधी म्हणू नका. मला ते ठाऊक नसतं.

आता मला खाली ठेवा. तुमच्या कुणाच्या घरी समुद्रावरून पत्र आलं असेल आणि त्यात काही विचारलेलं असेल, तर त्यावरची तारीख बघत बसू नका. आधी तार करून या. कुवेत मग पाहू.